खाली खाज येते म्हणजे बाई अस्वच्छ, हे कोणी ठरवलं?

पुण्यातल्या सोसायट्यांच्या लेडीज ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, की खाली खाज येऊन दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं जात असेल तर ते अस्वच्छतेमुळे नाहीतर नवऱ्याच्या बाहेरच्या भानगडीमुळे, आणि उपाय काय तर रोज अँटिसेप्टिकच्या पाण्याने आतून धुवा, दही लावा, मेडिकलमधून एक गोळी आणून घ्या, डॉक्टर नको. मला हे वाचून खरंच राग आला.

आधी अस्वच्छतेचं बोलू. असं दह्यासारखं जाणं आणि खाज बहुतेकदा कॅन्डिडा नावाच्या बुरशीमुळे असते, ती बऱ्याच निरोगी बायकांच्या अंगात थोडीफार असतेच, आणि १०० पैकी साधारण ७५ जणींना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, मग काय त्या सगळ्या घाणेरड्या? अँटिबायोटिकचा कोर्स झाला, दिवस गेलेत, शुगर वाढलीये, की ती बुरशी फोफावते. पावसाळ्यात गाडीवर भिजून तशाच ओल्या लेगिंगमध्ये ऑफिसात दिवसभर बसू नका एवढं मात्र जरूर पाळा.

आतून धुणं तर अजिबात नको. तिथले चांगले जंतू ती जागा आम्लधर्मी ठेवतात, तुम्ही अँटिसेप्टिक घातलंत की तेच मरतात, आग होते ती वेगळी. बाहेरून साधं पाणी पुरतं. दही खा की, पण आत लावून हे बरं होतं याला धड पुरावा नाही.

नवऱ्याचं म्हणाल तर हा लैंगिक आजारांत मोडत नाही, कधीच संबंध न आलेल्या मुलींनाही होतो, त्यामुळे यावरून घरात संशयाची भांडणं लावू नका प्लीज. त्याला खाज किंवा लाली असेल तरच त्याने दाखवायचं.

आता गोळी. फ्लुकोनॅझोल १५० हे खरं औषध आहे, साध्या केसमध्ये एका डोसात बरं वाटतं, पण पांढरं जातंय म्हणजे बुरशीच असं नसतं ना. पातळ, राखाडी आणि माशासारखा वास असेल तर तो बॅक्टेरियाचा प्रकार, हिरवट-पिवळं फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास (संबंधातून पसरणारा एक परजीवी) असू शकतो, तिथे ही गोळी काहीच करत नाही आणि ट्रायकोमोनासमध्ये नवऱ्यालाही औषध लागतं. प्रेग्नंट असाल तर ही गोळी मनाने घेऊच नका, तेव्हा डॉक्टर सहसा आत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या ७ दिवस देतात. आणि मेडिकलवाल्याने दिलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब तिथे लावू नका, दोन दिवस खाज थांबते आणि मग दुप्पट येते.

वर्षात तीनदा किंवा जास्त वेळा झालं तर स्वॅब (तिथल्या स्रावाचा नमुना) आणि शुगर तपासून घ्या. डायबेटिससाठी डापाग्लिफ्लोझिन ही गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्या गोळीने लघवीतून साखर जाते आणि बुरशीला आयतं खायला मिळतं, पुरुषांनाही होतं हे, फक्त गोळी आपल्या मनाने बंद करू नका. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर पुण्यात ससून या सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगाची ओपीडी आहे, तिथल्या डॉक्टरांना हे रोजचंच आहे, लाजायचं काही कारण नाही.