‘भाव जागेला असतो, घराला नाही’: फॉरवर्डला एका व्हॅल्युअरचं उत्तर

सांगली-मिरजेतल्या घरबांधणीच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. सांगणं असं: सोलर, पावसाच्या पाण्याची टाकी, ऊन अडवणाऱ्या भिंती यात पैसा घालू नका. व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा, चौरस फूट मोजतो आणि निघून जातो. रेडी रेकनरमध्ये, म्हणजे सरकारी दरतक्त्यात, सोलरचा रकानाच नाही. आपल्याकडं भाव जागेला. ग्रीन बिल्डिंग ही पुण्या-मुंबईची चैन. मी मूल्यांकनाचे रिपोर्ट लिहूनच पोट भरतो, त्यामुळं गप्प बसवेना.

रेडी रेकनरचं आधी मिटवू. रकाना नाही, खरंय. पण तो तक्ता मुद्रांक शुल्कासाठी असतो. त्यावरून घराचा बाजारभाव सांगणारा व्हॅल्युअर म्हणजे पंचांग बघून ताप मोजणारा डॉक्टर.

‘चौरस फूट मोजतो आणि जातो’ म्हणे. सांगलीत घर बघायला आलेला माणूस दराच्या आधी विचारतो, ‘एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?’ २०१९ च्या महापुरात, ऑगस्टात, आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. जोतं उंच घेतलंय, विजेचा मीटर वर चढवलाय, असं घर आणि शेजारचं त्याच मापाचं घर गिऱ्हाईक एका तागडीत तोलत नाही. मग मी कसं तोलू? नदी, पाऊस, ऊन बघून बांधलेल्या घराला इथं पैसे मोजले जातात. त्याला ‘ग्रीन’ हे नाव तेवढं लावत नाहीत.

आता सोलर. छतावरच्या ३ किलोवॅटच्या यंत्रणेतून दिवसाला सरासरी १२ युनिटच्या आसपास वीज मिळते. त्यातून महिन्याला २,००० रुपये वाचतात असं धरा. वर्षाला २४,०००. त्यातून धुणं-पुसणं आणि पुढं कधीतरी इन्व्हर्टर बदलणं यासाठी ३,००० काढा, राहिले २१,०००. घरभाड्यासारखं हेही उत्पन्नच. २० वर्षं आणि ८ टक्के व्याज धरलं तर आमच्या भाषेत ‘इयर्स पर्चेस’, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्यानं गुणायचं तो आकडा, येतो ९.८२; म्हणजे आजची किंमत दोन लाखांच्या थोडी वर.

पण मी दोन लाख लिहीत नाही. घेणारा शहाणा असतो. तो म्हणेल, ‘मीच केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं ७८,००० अनुदान घेतो आणि नवीन बसवतो.’ दोन लाखांची यंत्रणा त्याला एक लाख २२ हजारांना पडणार असेल, तर तुमच्या वापरलेल्या पॅनेलला त्याहून जास्त कोण देईल? वय बघून त्यातूनही घट काढावी लागते. तेव्हा ‘घातलेला सगळा पैसा परत येतो’ असं कुणी सांगितलं तर तेही खरं मानू नका. पण फॉरवर्डवाला म्हणतो तसं शून्यही नाही.

‘भाव जागेला’ या मुद्द्यावर तर हसू येतं. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित इमारतीला तिला मिळालेल्या ताऱ्यांप्रमाणं मूळ चटईक्षेत्रावर (प्लॉटवर जेवढं बांधू देतात त्यावर) ३, ५ किंवा ७ टक्के जादा चटईक्षेत्र मिळतं. त्याच प्लॉटवर जास्त बांधता येत असेल, तर भाव कुणाचा वाढला? जागेचाच की! एकट्या बंगल्याला याचा फारसा उपयोग नाही, हे मान्य. अपार्टमेंटवाल्या बिल्डरला मात्र आहे.

चैनीबद्दल काय बोलावं! जत-आटपाडीकडची जाड मातीच्या भिंतींची धाब्याची घरं भर मे महिन्यात गार असतात. ती कुणी चैन म्हणून बांधली नव्हती.

फॉरवर्डमधल्या ‘व्हॅल्युअर निघून जातो’ या टोमण्याला मात्र मी पुरतं उत्तर देऊ शकत नाही, कारण दोष आमचाही आहे. मागं एका बंगल्याच्या पाहणीत अंगणाखाली पावसाच्या पाण्याची मोठी टाकी होती. मालक म्हणाले, ‘राहू द्या साहेब, तिला कोण विचारतंय?’ आणि मी खरंच राहू दिली. बँकेच्या छापील फॉर्मात ‘इतर सुविधा’ असा बोटभर रकाना होता, त्यात मी ‘आहेत’ एवढंच लिहिलं. आता मी १२ महिन्यांची वीजबिलं, नेट मीटरचे (सोलरची जादा वीज मोजणाऱ्या मीटरचे) कागद, टाकीचं माप आणि बांधल्याचं वर्ष मागतो आणि वेगळा कागद रिपोर्टला जोडतो. दहातले सात मालक बिलं शोधायला आत जातात ते चहा घेऊनच बाहेर येतात.