१५.७ मीटर हा आकडा कॉम्प्युटरनेच दिला होता

ग्रुपाग्रुपांतून एक मेसेज फिरतोय: 'अणुभट्टी सुरक्षित आहे असं फक्त कॉम्प्युटर सांगतो. प्रत्यक्षात कुणी तपासलेलं नाही. हवे ते आकडे घाला, हवं ते उत्तर काढा. फुकुशिमात ही सगळी मॉडेलं तोंडावर आपटली.' अणुऊर्जेला विरोध करणाऱ्यांशी माझं भांडण नाही. जैतापूरच्या लोकांनी प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण या मेसेजमधलं शेवटचं वाक्य, म्हणजे २०११ च्या त्सुनामीत जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रात जे झालं त्याबद्दलचं, चुकीच्या माणसांना मोकळं सोडतं, म्हणून लिहितो आहे.

'प्रत्यक्षात कुणी तपासलेलं नाही.' तपासलंय. अमेरिकेत आयडाहोच्या ओसाड माळावर 'लॉफ्ट' नावाची छोटी पण खरीखुरी अणुभट्टी याच कामासाठी बांधली होती. तिच्यातलं थंड करणारं पाणी मुद्दाम पळवायचं आणि आत काय होतं ते मोजायचं. आधी कॉम्प्युटरचं भाकीत काढून ठेवायचं, मग झडपा उघडायच्या. डिसेंबर १९७८ मध्ये भट्टी चालू असताना अशी पहिली चाचणी झाली, तेव्हा इंधनाच्या नळ्या भाकितापेक्षा कमी तापल्या. आपल्याकडे तारापूरच्या ५४० मेगावॉट अणुभट्टीच्या काँक्रीट कवचाची एक-चतुर्थांश आकाराची प्रतिकृती भाभा अणुसंशोधन केंद्राने तारापूरलाच उभारली, आतला दाब वाढवत नेला आणि वेगवेगळ्या गटांनी केलेली गणितं प्रत्यक्ष मापांशी ताडून पाहिली.

मेसेजवाल्यांनी खरं बोट ठेवायला हवं होतं ते दुसरीकडेच. लॉफ्टच्या त्या चाचणीनंतर तीनच महिन्यांनी, मार्च १९७९ मध्ये, अमेरिकेतल्याच थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात एक झडप उघडी अडकली आणि निम्म्याच्या आसपास इंधन वितळलं. तोवर बहुतेक सगळा भर 'मोठा पाइप फुटला तर?' या प्रश्नावर होता. छोट्या गळतीचा प्रश्न पुरेसा विचारलाच गेला नव्हता. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मॉडेल देत नाही. ही त्याची खरी मर्यादा आहे आणि ती गंभीर आहे.

'हवं ते उत्तर काढा.' काढून बघा. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत समृद्ध युरेनियमचा एक उघडा गोळा होता, ५० किलोहून थोडा जास्त. साखळी प्रक्रिया जेमतेम टिकेल एवढाच. आजही न्यूट्रॉनचं, म्हणजे साखळी प्रक्रिया चालवणाऱ्या कणांचं, गणित करणाऱ्या प्रोग्रामला त्याच्यासारख्या मोजून ठेवलेल्या शेकडो रचनांची उत्तरं बरोबर द्यावी लागतात. फुकुशिमाचंच घ्या. एक नंबरच्या भट्टीतलं जवळजवळ सगळं इंधन वितळून खाली गेलं, असं २०११ मध्येच गणित करून सांगितलं गेलं होतं. आत डोकावणं शक्यच नव्हतं. २०१५ मध्ये आकाशातून येणारे म्यूऑन कण वापरून, एक्स-रे काढावा तशी, भट्टीची प्रतिमा घेतली. इंधनाची जागा रिकामी होती.

आता 'फुकुशिमात मॉडेलं आपटली'. २००२ पासून बचावाचा जो हिशोब चालत होता, त्यात त्सुनामीची उंची ५.७ मीटर धरली होती. हा आकडा बेतशीर भूकंप गृहीत धरून आलेला. पण २००२ मध्येच सरकारी भूकंप-तज्ज्ञांनी बजावलं होतं की त्सुनामी उठवणारा मोठा भूकंप जपान गर्तेत, म्हणजे किनाऱ्यासमोरच्या समुद्रतळाच्या खोल चरात, कुठेही होऊ शकतो, फुकुशिमासमोरसुद्धा. म्हणून २००८ मध्ये फुकुशिमा चालवणाऱ्या टेप्को कंपनीच्याच अभियंत्यांनी, जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर त्सुनामी आणणारा १८९६ चा सानरिकू भूकंप फुकुशिमाच्या समुद्रात ठेवून पुन्हा गणित केलं. समुद्र तोच, गणिताची रीत तीच, प्रश्न बदलला. उत्तर आलं: १५.७ मीटर. एक ते चार नंबरच्या भट्ट्यांची जमीन होती समुद्रसपाटीपासून १० मीटरवर.

वरिष्ठांनी हा आकडा बाजूला ठेवला आणि विषय स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेकडे आणखी अभ्यासाला पाठवला. भिंत उंचावली नाही. तळघरातले जनरेटर वर हलवले नाहीत. कंपनीने १५.७ मीटरचा हिशोब सरकारी नियामकाला दिला तो ७ मार्च २०११ रोजी. चार दिवसांनी पाणी आलं, आवारात १४-१५ मीटरपर्यंत चढलं.