पद्मिनीचा क्रँक मिळेल का, क्रँक?

फोन केला की पहिला प्रश्न हाच, "कुठली गाडी?" प्रीमियर पद्मिनी म्हटलं की पलीकडे आधी हसू, मग, "विकून टाका की ओ मालक!" अहो, मी क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा विचारतोय, सल्ला नाही.

इंजिन १०८९ सीसीचं, साधं, भरवशाचं. पण क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, आधीच तीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) घासलेत, त्यावर पुन्हा ओरखडे. आता आणखी घासायचं तर तेवढं जाड बेअरिंग कुणाच्या बापाकडे मिळणार? सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक जण म्हणाला, "वेल्डिंगने भरून देतो, नव्यासारखा." भरशील रे, पण त्या उष्णतेने शाफ्ट वाकला, फिलेटला (जर्नलच्या कडेच्या गोलाईला) चीर गेली, तर? चीर तपासतोस का विचारलं तर, "डोळ्यानं दिसतंय की!"

मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर पार्टांना गिऱ्हाईक तरी होतं. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. आता भंगारवाले सोन्याचा भाव सांगतात आणि फोटो पाठवतात तो धड पद्मिनीचा नसतोच. एकाने तर कॅमशाफ्टचा पाठवला, व्हॉल्व्ह उघडणारा वेगळाच दांडा! "मोजमाप सांगा" म्हटलं की ब्लू टिक, पुढे शांतता. मायक्रोमीटर म्हणजे काय शिवी आहे का?

आणि "ओरिजनल आहे, डब्बापॅक" म्हणणाऱ्यांनो, निदान डब्यावरचा गंज तरी पुसत चला. परवा अजून एकाने कुर्ल्याचा नंबर दिलाय. लागत नाही.