नळी चुकली, काजळी नाही

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आक्षेप तीन. फेणीच्या भट्टीची देखणी चित्रं काढून मी दारूचं कौतुक केलं. तांब्याचं भाण (रस उकळायचं भांडं) कोळशासारखं काळं रंगवलं. आणि नळी भाणाकडून लावणीकडे (फेणी जमते ते मडकं) चढती दाखवली, 'मग फेणी काय डोंगर चढून येणार?'

शेवटचा आधी घेतो, कारण तिथे मी सपशेल चुकलोय. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, त्या जुन्या भाटकाराच्या (बागायतींच्या जमीनदाराच्या) घराच्या मागच्या पडवीत भाण काढलं ते पाटावर बसून. मग धूर डोळ्यांत गेला, उठून दाराशी उभा राहिलो आणि लावणी तिथून काढली. दोन ठिकाणांहून दिसलेलं एका कागदावर जोडलं आणि नळीचा उतारच गेला. भट्टीवर वाढलेल्या माणसाच्या नजरेतून हे सुटणार कसं!

काळा रंग मात्र मागे घेणार नाही. व्हिस्कीच्या कारखान्यातली तांब्याची भांडी बहुधा वाफेवर तापतात, म्हणून लखलखतात. इथे खाली लाकडं जळतात. गळ्याशी वीतभर तांबूस जागा होती, तीही वारुळाच्या मातीने लिंपलेली. सांध्यातून वाफ फुसफुसली की भट्टीवाला ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि त्याच्या चार बोटांचे ठसे बघता बघता सुकायचे. ते ठसे काढलेत मी, चित्र मोठं करून बघा.

राहिलं कौतुक. काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये राज्याने फेणीला वारसा पेय ठरवलं. पण त्याआड लपत नाही. दारूने घरं बसतात, तीही पाहिलीत. मला काढायचं होतं ते काम: बोंडू (काजूची फळं) तुडवणं, रस आंबायला ठेवणं, पहिल्या उकळीला हुर्राक, पुन्हा उकळून फेणी. हंगाम उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांचा. तेवढ्यासाठी का होईना, त्या पडवीची कौलं पावसाआधी परतली जातात. आतल्या खोल्यांतून आभाळ दिसतं.

हो, नीरो (बोंडूंचा न आंबलेला ताजा रस) प्यायलो. दोन पेले.

चित्र काढून टाकत नाही. नळीखाली पेन्सिलीने बाण मारून तुमची दुरुस्ती लिहिली आहे, नवा फोटो आज रात्री टाकतो.