कवडी, शिंपला आणि कातळावरच्या टोप्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. मी त्यात कवडीला शिंपला म्हटलं, आणि समुद्री गोगलगायींचे कॉलेजात शिकवतात ते तीन गट गाळले.

पहिला बिनशर्त मान्य. शिंपला दोन झडपांचा. तिसऱ्या, कालवं ही द्विपुट वर्गातली. कवडी उदरपाद, म्हणजे गोगलगायीच्या वर्गातली. आमच्याकडे पुळणीवर सापडलेलं सगळंच ‘शिंपले’ म्हणून पोरांच्या खिशात जातं, तीच सवय लिहिताना नडली. दुरुस्ती केली आहे.

दुसऱ्याबद्दल मात्र थोडं भांडेन. कल्ले हृदयाच्या पुढे ते प्रोसोब्रँकिया, मागे ते ओपिस्थोब्रँकिया आणि फुप्फुसवाले पल्मोनाटा, हे मीही घोकलंय. पहिली दोन नावं फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मिल्न-एडवर्ड्स यांची, १८४८ सालची. अडचण अशी, की उदरपादाची अळी वाढताना तिचं अंग १८० अंशांत पिळवटतं आणि कल्ले, गुदद्वार सगळं पुढे, डोक्यावर येतं. हा पीळ साऱ्या वर्गाचाच वारसा. आजोबांचं नाक सगळ्याच नातवंडांत उतरलं, तर त्यावरून सख्खं कोण नि चुलत कोण हे कसं ओळखणार? म्हणून पुढच्या कल्ल्यांवर उभारलेला प्रोसोब्रँकिया हा गट मोडला. बूशे आणि रोक्रुआ या अभ्यासकांच्या २००५ च्या उदरपाद-वर्गीकरणाच्या मांडणीत तो नाहीच. कवडी आणि पूजेतला शंख आता सीनोगॅस्ट्रोपोडा या उदरपादांच्याच एका गटात बसतात.

‘समुद्री गोगलगाय’ म्हटल्यावर पत्ता कळतो, आडनाव नाही. कोकणातल्या कातळांवर टोपीसारख्या कवचाचे लिंपेट चिकटलेले असतात. त्यांतला सेलाना हा खरा लिंपेट, पॅटेलोगॅस्ट्रोपोडा या उदरपादांच्या गटातला. सायफोनारिया दिसायला तसाच, पण आहे हेटेरोब्रँकिया या वेगळ्या गटातला, म्हणजे परसातल्या गोगलगायीच्या गोतातला. दोघे एकाच लाटेखाली भिजतात, पण सायफोनारियाला सेलानापेक्षा ती परसातली जास्त जवळची! (मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस घरात सगळ्यांना पिडलं होतं.)

उधाणाच्या ओहोटीला कातळावर गेलात तर बघा. सेलानाची कड साधारण सारखी फिरते. सायफोनारियाच्या कवचाला उजव्या अंगाला फुगवटा असतो. ओहोटीत उघडं पडल्यावर तो तिथूनच हवा घेतो.