कोडिंगची भाषा आधी कुठली, ते एकदाचं ठरवा!

भाचीची बारावी झाली, कोडिंग शिकायचंय म्हणाली. झालं! शेजारचे काका म्हणे, "आधी सी, पाया पक्का होतो." आतेभाऊ म्हणतो, "नोकरी जावातच." अरे, पोरीनं अजून एक ओळ लिहिलेली नाही!

बरं, क्लासवाल्यानं सी शिकवायला घेतली ती कशावर? टर्बो सी या सी लिहायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या त्या निळ्या पडद्यावर. पहिली आवृत्ती 1987 ची! आजच्या विंडोजवर चालवायला डॉसबॉक्सच्या (जुने डॉस प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कुबड्या. चार दिवस नुसत्या इन्स्टॉलमध्ये गेले. (फी मात्र आगाऊ.)

शेवटी वैतागून मीच पायथन इन्स्टॉल करून दिलं. 'इफ' (म्हणजे 'जर') या अटीखालची ओळ तिनं आत सरकवली नाही, लगेच इंडेंटेशन एरर, म्हणजे ओळीआधी जागा न सोडल्याची चूक. काका दारातच उभे, "बघा, म्हणून म्हटलं होतं, आधी सी!"