मुलगी हरवली? आधी थांबायला शिका

वाचकहो, घरातली किंवा ओळखीतली सोळा वर्षांची मुलगी "पार्लरचं काम आहे, राहणं-खाणं फुकट" म्हणणाऱ्या कुणा बाईबरोबर निघून गेली, तर घाबरू नका. आमच्याकडे पुण्यात पोळ्यांना येणाऱ्या मावशींची भाची गेल्या महिन्यात अशीच गेली, त्यामुळे या विषयातला माझा आता बऱ्यापैकी अभ्यास झाला आहे.

सर्वात आधी पोलीस चौकीची हद्द ठरवून घ्या. पळवणाऱ्यांनाही विनंती, की मुलगी एकाच हद्दीतून पळवावी, म्हणजे नातेवाइकांचा रिक्षाखर्च वाचतो. आमची पोरगी राहायला एका हद्दीत, शिवणक्लास दुसऱ्या हद्दीत आणि गाडीत बसली तिसऱ्याच. पहिल्या चौकीत विचारलं, "शेवटची कुठं दिसली?" क्लासपाशी. "मग तिकडं जा." तिकडं गेलो, तर "राहायला कुठं? मग तिथंच घेतील." मधे दांडेकर पुलावर दोन रिक्षावाल्यांनीही "तिकडं नाही जमणार" म्हणून मान हलवली. हद्द पाळायची शिस्त या शहरात किती मुरली आहे, ते तेव्हा कळलं. दिवेलागणीला परत पहिल्या चौकीत. मावशींच्या हातात काचेला तडा गेलेला मोबाइल, त्यात भाचीचा जत्रेतला फोटो, हातात कुल्फी. साहेबांनी तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "मावशी, कुणाशी फोनवर बोलायची का? प्रकरण होतं काही?" मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. "असली पोरं दोन दिवसांत येतात. चोवीस तास थांबा, मग बघू."

हे चोवीस तास कुठल्या कायद्यात लिहिलेत, असं विचारू नका. मी विचारलं. कुठल्याच नाही. उलट अल्पवयीन मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ सालीच सांगितलंय. हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यायचीच, हे १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये छापलेलं आहे. मी मोबाइलवर काढून दाखवलं. "ताई, तुम्ही वकील का?" नाही. "मग?" आता या "मग"ला काय उत्तर द्यायचं? चोवीस तासांत पुण्याहून सुटलेली गाडी कुठवर जाते, हे एकदा वेळापत्रकात बघा. हैदराबाद केव्हाच मागे पडतं. नोंद झाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणानंतर.

फोटो पासपोर्ट साइजचाच न्या. कुल्फी चालत नाही.

चौकीतलं बाकडं टोचायला लागलं तर दिल्लीचं स्मरण करा, धीर येतो. पोलिसांच्या मराठीत या गुन्ह्याला "अनैतिक मानवी वाहतूक" म्हणतात. वाहतूकच ती, सिग्नलला थांबणारच. मानवी तस्करीवरचं सर्वंकष विधेयक २६ जुलै २०१८ रोजी लोकसभेत आवाजी मतदानानं मंजूर झालं. राज्यसभा तिथून किती लांब? एकाच इमारतीत. तेवढं अंतर काही कापलं गेलं नाही, २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बुडालं. २०२१ मध्ये नवा मसुदा. १४ जुलैपर्यंत सूचना पाठवा, अशी एकदम लगबग. लोकांनी पाठवल्या. अजून ते विधेयक संसदेत मांडलेलं नाही. त्याआधी, २०१५ मध्ये, सरकारनं सर्वोच्च न्यायालयाला शब्द दिला होता, की संघटित गुन्ह्यांच्या तपासाची वेगळी यंत्रणा पुढच्या वर्षी डिसेंबरपासून कामाला लागेल. ती काही उभी राहिली नाही, २०१९ मध्ये मानवी तस्करीचा गुन्हा एनआयएच्या, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या, यादीत घातला आणि झालं.

कायदाच नाही, असं मात्र म्हणू नका, पाप लागेल. अनैतिक व्यापार रोखणारा १९५६चा आहे. वेठबिगारीचा १९७६चा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये अल्पवयीन मुलीच्या तस्करीला किमान दहा वर्षं कैद आहे. घटनेच्या कलम २३ मध्ये माणसांच्या व्यापाराला बंदीच आहे. नाही ते एवढंच, की सुटून आलेल्या पोरीचं पुढे काय करायचं, तिला पैसे कोण देणार, कुठं राहणार, दुसऱ्या राज्यातला तपास कोण करणार, हे सगळं एका ठिकाणी ठरवून देणारा कायदा.

२०१८च्या मसुद्यात खोट होती, हे मान्य. स्वतःच्या मर्जीनं धंदा करणाऱ्या बायकांनाही "सोडवून" सुधारगृहात कोंडतील, ही त्यांच्या संघटनांची भीती खोटी नव्हती. अहो, मग दुरुस्त करा ना! खोट निघाली म्हणून पोळीचं पीठ कुणी वर्षानुवर्षं झाकून ठेवतं का?

शेवटची सूचना. मुलगी परत आली तर कुणाला सांगू नका.

आमची आली. कलबुर्गीच्या अलीकडे गाडी थांबली तेव्हा उतरली, चणेवाल्याचा फोन मागितला आणि मावशींचा नंबर पाठ होता म्हणून वाचली. जबाब द्यायला घेऊन गेलो, तर साहेब म्हणाले, "आली ना? मग आता कशाला वाढवताय? पोरीचंच नाव खराब होईल."

वाढवायचंच आहे! नाव तिचं का खराब होईल? तिला नेणारीचं का नाही? त्या बाईबरोबर डब्यात आणखी दोन मुली होत्या, आमची पोरगी दोघींची नावं सांगत होती, आणि तुमचं पेन टेबलावर आडवं पडलेलं होतं. लिहायला किती वेळ लागला असता? दोन नावं! त्यांच्याही घरचे या वेळी कुठल्या तरी बाकड्यावर चोवीस तास मोजत असतील. आणि तुम्ही, वर बसलेले, इतक्या वर्षांत एक विधेयक दोन सभागृहांतून नेता येत नाही तुम्हाला, आणि जनजागृतीच्या पोस्टरवर फोटो मात्र वेळेवर येतो.

त्या बाईचा नंबर मी चौकीत कागदावर लिहून दिला होता. काल मीच लावून पाहिला. तिसऱ्या रिंगला उचलला. "पार्लरचं काम ना? हो, आहे. मुलीचं वय किती?"